शिक्का आणि आटे
जुनी ट्रॅक सायकल ऑनलाइन घेताना इतिहास कामाला येतो.

१९४८ साली जपानच्या कोकुरा शहरात केइरिन शर्यती सुरू झाल्या. त्यांवर लोक पैसे लावतात. सायकलीमुळे कोणाला गैरफायदा मिळू नये म्हणून सुट्या भागांचे नियम कडक झाले. मंजूर भागावर ‘एनजेएस’ शिक्का आला. वापरलेल्या त्याच फ्रेमा आज जगभर विकल्या जातात.

फौजेत सुटा भाग नावाने नव्हे, नंबराने मागवतात. इथेही मापच पाहा. बॉटम ब्रॅकेट इंग्लिश असेल तर १.३७ इंच, इटालियन असेल तर ३६ मिलिमीटर. दोन्हींत इंचाला २४ आटे. पण इंग्लिशचा उजवा कप उलट्या आट्याचा. साखळीचा पिच अर्धा इंच. शिमानोने मात्र सत्तरच्या दशकात १० मिलिमीटरचाही काढला होता; त्या दातचक्रावर आजची साखळी बसत नाही.

शेवटचं, जिवाचं. ट्रॅक सायकलीला ब्रेक नसतो, पाय रोखूनच वेग आवरायचा. मागचं दातचक्र धरून ठेवणारी लॉकरिंग उलट्या आट्याची असते. हबचे आटे झिजलेले असतील तर फुकटही घेऊ नका. रस्त्यावर चालवणार असाल, तर पुढच्या फोर्कला ब्रेकचं भोक आहे का, ते आधी फोटोत पाहा.