दम्यावर धोतऱ्याचा धूर

धोतऱ्याची वाळलेली मुळे किंवा पाने चिलमीत भरून ओढणे, हा दम्यावरचा जुना भारतीय उपाय होता. औषधी धूर आयुर्वेदाला परका नव्हता. खोकला आणि श्वास या विकारांवरील धूमपान चरकसंहितेत सांगितले आहे. धोतऱ्याचे संस्कृत नाव कनक. त्यापासून केलेले कनकासव वैद्य दम्यावर देत आले.

मद्रासचे फिजिशियन जनरल जेम्स अँडरसन यांनी या धुराचा गुण ओळखला होता. त्यांच्याकडून तो समजलेले जनरल जेंट १८०२ मध्ये मुळे घेऊन ब्रिटनला परतले. पुढे तिकडे उगवणारा धोतऱ्याचा भाऊबंद, स्ट्रॅमोनियम, तितकाच गुणकारी असल्याचे दिसले आणि एकोणिसाव्या शतकात दम्याच्या सिगारेटी व पुडी यांचा मोठा व्यापार उभा राहिला. पानांच्या भुकटीत सोरा मिसळलेला असे, म्हणजे ती एकसारखी जळे. बशीत चिमूटभर पूड पेटवायची आणि वर तोंड धरून धूर छातीत घ्यायचा, अशी रीत होती. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त आपल्या खोलीत अशी पूड जाळत असे.

धोतऱ्यात अॅट्रोपिन आणि त्याच्या जातीची अल्कलॉइडे असतात. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळण्याचा मज्जातंतूंचा संदेश ती अडवतात; नलिका सैलावतात आणि धाप कमी होते. मात्र झाडागणिक, ऋतूगणिक त्यांचे प्रमाण बदलते. मात्रा जरा चढली की तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, माणूस बरळू लागतो. प्रसंगी जीवही जातो. शिवाय नलिकांच्या आतली सूज या धुराने उतरत नाही, उलट धूर त्यांना जाचतोच.

१९५६ मध्ये मोजून मात्रा देणारा पंप आला आणि धुराची गरज सरू लागली. १९७० च्या दशकात अॅट्रोपिनच्या रेणूत फेरफार करून घडवलेले इप्राट्रोपियम वापरात आले. ते फुप्फुसातून रक्तात फारसे उतरत नाही, त्यामुळे मेंदूला त्याची बाधा होत नाही. त्याच दशकात सूज उतरवणारी स्टिरॉइडेही पंपातून मिळू लागली.

जुन्या वैद्यांनी वनस्पती अचूक हेरली होती, पण तिची मात्रा मोजण्याचे साधन त्यांच्याकडे नव्हते. ते साधन आज हाताशी आहे. दम्याच्या रुग्णाने धोतऱ्याच्या वाटेला जाऊ नये. डॉक्टरांनी दिलेला पंपच जवळ बाळगावा.