हौदांचे पुणे



पाहुणा पुण्याला आला म्हणजे आपण त्याला काय दाखवतो? शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, पर्वतीच्या पायऱ्या, आणि सवड असली तर सिंहगड. पाहुणा संतुष्ट होऊन जातो आणि आपणही आपले पुणे त्याला दाखवले अशा समाधानात राहतो. या स्थळांना मी उणे लेखत नाही. परंतु शनिवारवाड्यात हजारी कारंज्यापुढे उभे राहणाऱ्या शेकडो लोकांपैकी एकाच्या तरी मनात असा प्रश्न येतो काय, की या कारंज्याला पाणी कोठून येत होते? आज मी आपणांस त्या पाण्याच्या मागाने नेणार आहे. हा रस्ता कोणत्याही प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत नाही. तो पेठांच्या बोळांतून जातो, आणि माझ्या मते पुण्याचा खरा इतिहास तेथेच आहे. राज्यकर्ते कसे राहत होते हे वाड्यावरून समजते. गाव कसे जगत होते, आणि गावात कोणाला आपले मानले जात होते, हे मात्र पाणवठ्यावरून समजते.

आरंभ कात्रजपासून करू. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत पुणे झपाट्याने वाढले. नव्या पेठा वसल्या, आश्रित, कारागीर, सावकार येऊन राहिले. मुठेचे पात्र आणि आडांचे पाणी एवढ्यावर भागेना. तेव्हा, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशी तलाव बांधून तेथून शहरापर्यंत जमिनीखालून चुन्या-दगडांचा नळ आणला गेला. नळ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे लोखंडी नळी येते. हा नळ म्हणजे भुयार होते. बऱ्याच ठिकाणी माणूस आतून चालत जाईल एवढे. मैलोगणती अंतर, आणि कोठे यंत्र नाही, पंप नाही. डोंगराकडून नदीकडे जमिनीला जो स्वाभाविक उतार आहे, त्याच्या बळावर पाणी शनिवारवाड्यापर्यंत येई. वरच्या तळ्यात गाळ खाली बसे आणि निवळ पाणी पुढे जाई. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते. त्यांतून भुयाराला हवा मिळे आणि माणूस उतरून आतील गाळही काढू शके. उच्छ्वास हा शब्दच किती अर्थपूर्ण आहे पाहा! जमिनीखालून जाणाऱ्या पाण्यालाही श्वास लागतो, हे त्या गवंड्यांनी ओळखले होते.

सरकारने कात्रजचे पाणी आणले, तसे पुढे मोठ्या सरदारांनी व मुत्सद्द्यांनीही आणले. नाना फडणीसांनी नऱ्हे-आंबेगावाकडून, रास्त्यांनी कोंढव्याकडून. वाटेत हे पाणी दगडी हौदांत घेतले जाई. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, नाना हौद ही नावे आपण रोज उच्चारतो. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना तर हटकून. काही हौद राहिले आहेत, काही बुजले. पुष्कळांचे नाव तेवढे चौकाला उरले आहे. माणसे गेली की त्यांची नावे चौकांना देतात हे आपण पाहतोच, पण या शहरात गेलेल्या पाण्याचे नावही चौकांनी सांभाळले आहे.

येथवर सारे गौरवाचे झाले. आता जी गोष्ट सांगायची ती तितकी सुखाची नाही. कात्रजचे पाणी शहरात आले, पण ते सर्वांचे झाले नाही. ज्यांनी डोंगरात दगड फोडले असतील, खंदक खणले असतील, त्यांच्यापैकी कितीजणांना त्या हौदात घागर बुडवण्याची मुभा होती? अस्पृश्य मानलेल्या माणसाने हौदापासून दूर उभे राहावे आणि कोणी वरून ओंजळीत पाणी घालील तर प्यावे, ही रीत. पाणी उतारावरून आपोआप वाहत आले. माणसांच्या मनातील चढ मात्र त्याला चढता आला नाही.

तो चढ एका माणसाने उतरवला. पूर्वीच्या गंज पेठेत, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेत, जोतीराव फुल्यांचे घर आहे. जयंतीला आणि पुण्यतिथीला तेथे गर्दी होते. एरवी अंगणात शांतता असते. याच घरचा पाण्याचा हौद जोतीरावांनी १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला केला. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा अजून ५९ वर्षे अवकाश होता. एका घरचा हौद तो! त्यात पाणी ते किती मावणार? पण पेशव्यांच्या भुयाराने जे साधले नाही ते त्या अंगणातल्या पाण्याने साधले, असे मी म्हटले तर आपण रागावू नये.

तेथून बुधवार पेठेत फरासखान्याकडे या. तेथे बाहुलीचा हौद आहे. नाव ऐकून एखादी परीकथा असावी असे वाटते. वस्तुतः ही एका बापाच्या शोकाची खूण आहे. डॉ. विश्राम रामजी घोले हे नामांकित शल्यचिकित्सक आणि सत्यशोधक समाजातील कार्यकर्ते. काशीबाई या त्यांच्या मुलीचे लाडके नाव बाहुली. ती लहानपणीच वारली. तिची स्मृती म्हणून घोल्यांनी लोकांसाठी हा हौद बांधला. छत्री नाही, समाधी नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याची तहान भागावी एवढीच इच्छा. रोज हजारो माणसे त्याच्या शेजारून जातात. किती थांबतात?

आणखी एक ठिकाण, पंचहौद. पाच हौदांवरून पडलेले हे नाव पुढे तेथील ख्रिस्ती मिशनमुळे गाजले. १८९० साली तेथे काही पुणेकर जमले, त्यांच्यापुढे चहा आला आणि त्यांच्यापैकी काहींनी तो घेतला. हजर असलेल्यांची नावे छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद काही वर्षे धुमसत राहिला. हजर असलेल्यांत टिळक होते आणि रानडेही होते. ज्या न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने या शहरात १८७५ साली वसंतव्याख्यानांची प्रथा सुरू झाली, त्यांनीही अखेर प्रायश्चित्त घेतले आणि त्यांचे अनुयायी खिन्न झाले. कोणाच्या हातचे पाणी घ्यावे, हा प्रश्न एवढ्या मोठ्या माणसांनाही सुटला नाही. म्हणून म्हणतो, पाणवठे हे आपल्या समाजाचे दप्तर आहे. ते वाचताना शरमिंदे व्हावे लागले तरी वाचले पाहिजे.

पुढे १८७० च्या दशकात खडकवासल्याचे धरण झाले, कालांतराने घरोघर नळ आले आणि हौदांकडे पाठ फिरली. मात्र १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले, आणि शहराचे नळ कोरडे पडले. ज्या जुन्या विहिरींना आणि हौदांना आपण अडगळ ठरवले होते, त्यांच्याकडे तेव्हा घागरी घेऊन परत जावे लागले. संकट टळताच आपण पुन्हा विसरलो. २०१९ साली स्वारगेटजवळ मेट्रोचे खोदकाम चालू असताना जमिनीखाली जुने भुयार लागले, तेव्हा वर्तमानपत्रांतून आश्चर्य प्रकट झाले. आश्चर्य भुयाराचे नव्हते, श्रोतेहो. आपल्या विस्मरणाचे होते. कारण कोणत्याही गोष्टीचा नाश होण्यापूर्वी तिचा विसर पडतो. जे कोणाला ठाऊकच नाही, ते फोडताना कुदळ कशाला अडखळेल?

यावर उपाय फार मोठा नाही. सगळेच हौद पुन्हा भरा असे मी म्हणत नाही, आणि तेथे प्रवाशांच्या झुंडी लोटाव्यात असेही म्हणत नाही. आपल्या पेठेतला हौद आपल्याला ठाऊक असावा, त्यात कचरा पडू नये, आणि त्याची गोष्ट आपल्या मुलाला सांगता यावी, इतकेच. पुढच्या खेपेस पाहुणा आला की त्याला शनिवारवाडा जरूर दाखवा. पण तेथून पायीच निघा. बाहुलीच्या हौदाशी दोन घटका थांबा आणि गंज पेठेतल्या त्या अंगणात जा. वैशाखातले ऊन असेल, पाहुण्याला तहान लागेल. त्याला पाणी द्या आणि मग सांगा, की या गावात ही साधी गोष्ट करायला एका माणसाला किती धैर्य लागले होते.