हिंगानं बरा झालेला घोडा

पोट फुगलं तरी ‘ॲसिडिटी’, छातीत जळजळलं तरी ‘ॲसिडिटी’. आपण दोन्ही तक्रारी एकाच फोल्डरमध्ये टाकतो. आज फक्त पोटफुगीबद्दल आणि आपल्या फोडणीतल्या हिंगाबद्दल बोलू.

1563 साली गोव्यात एक पोर्तुगीज पुस्तक छापलं गेलं. लेखक गार्सिया द ऑर्ता. हा डॉक्टर 1534 मध्ये गोव्यात आला, आणि अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहासुद्धा त्याच्याकडून उपचार घ्यायचा. पुस्तकात इथल्या औषधांवर दोघांच्या गप्पा आहेत, एक स्वतः ऑर्ता आणि दुसरा त्याने कल्पनेतून उभा केलेला डॉक्टर. थोडक्यात, पॉडकास्टच की!

त्यातल्या हिंगाच्या गप्पांमध्ये एक किस्सा येतो. विजयनगरात एका पोर्तुगीजाकडे भारी किमतीचा घोडा होता, पण त्याला गॅसेसचा फार त्रास. त्यामुळे राजा काही तो घेईना. पोर्तुगीजाने त्याला पिठात कालवून हिंग चारला, घोडा बरा झाला आणि राजाने तो चांगला भाव देऊन घेतला. ‘कशाने बरा केलास?’ ‘हिंगाने.’ राजा म्हणाला, मग नवल कसलं, तू त्याला देवांचं अन्न दिलंस! यावर पोर्तुगीज आपल्या भाषेत हळूच पुटपुटला, देवांचं कसलं, सैतानाचं म्हणा. (कच्च्या हिंगाचा डबा उघडून बघा, त्याचंही पटेल.) ऑर्ताला स्वतःलाही तो वास असह्य व्हायचा, पण भाजीत शिजल्यावर एवढा खटकायचा नाही.

गंमत म्हणजे देवांचं हे अन्न आपल्याकडे पिकतच नव्हतं. अफगाणिस्तान, इराणकडच्या कोरड्या, थंड डोंगरांत हे झाड येतं. मुळाला चिरा देऊन निघणारा चीक वाळला की झाला हिंग. ओवा, जिरं, बडीशेप हे त्याचे चुलत भाऊ, सगळे एकाच वनस्पती-कुळातले. भारत वर्षाला सुमारे 1200 टन कच्चा हिंग आयात करत होता. शेवटी 15 ऑक्टोबर 2020 रोजी पालमपूरच्या सरकारी संशोधन संस्थेने हिमाचलमधल्या लाहौल खोऱ्यात क्वारिंग गावी पहिलं रोप लावलं. चीक मिळायला साधारण पाच वर्षं लागतात.

आता मुद्द्याचं. हिंग वाताचा, जळजळीचा नाही. जळजळ होते ती पोटातलं आम्ल अन्ननलिकेत वर आल्यामुळे. तिथे हिंग घातलेली झणझणीत, तेलकट आमटी उलट त्रास वाढवू शकते. त्यापेक्षा रात्री कमी जेवा आणि जेवल्यावर दोन-तीन तास आडवे होऊ नका. जळजळ आठवडेच्या आठवडे टिकली, गिळताना अडकायला लागलं किंवा वजन उतरलं, तर मसाल्याचा डबा बंद करून डॉक्टर गाठा.

आणि हो, गहू चालत नसेल तर हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचा. शुद्ध हिंग फार उग्र असतो, म्हणून बाजारातल्या डबीत बहुतेक वेळा डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचंच असतं.