१०७व्या मजल्यावरचा दहावा डाव

लिफ्ट इतकी वर चढते की तुमचे कान बंद होतात. सप्टेंबर १९९५, न्यूयॉर्क, वर्ल्ड ट्रेड सेंटरचा दक्षिण मनोरा. ही इमारत तुम्ही आजवर कोसळतानाच पाहिली आहे. ते आता बाजूला ठेवा आणि पटाकडे बघा.

काचेच्या बंद खोलीत बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव आणि त्याचा आव्हानवीर, पंचविशीतला विश्वनाथन आनंद. पहिले आठ डाव बरोबरीत सुटले, नववा आनंदने मारला. आज पांढरी मोहरी कास्पारोवकडे. राजापुढचं प्यादं, घोडा, उंट: रुई लोपेझ. पाचव्या खेळीला आनंदचा घोडा मधलं प्यादं खातो, म्हणजे ओपन प्रकार. सहाव्या डावात याच प्रकाराने तारलं होतं, मग बदलायचा कशाला?

रस्ता मळलेला आहे. अकराव्या खेळीची घोड्याची उडी तर १९७८ साली बागियोतल्या जागतिक अजिंक्यपदाच्या लढतीत कारपोवने कोर्चनॉयविरुद्ध मारलेली. चौदाव्या खेळीला मात्र कास्पारोव फाटा फोडतो. गेल्या वेळी इथे घोडा हलला होता, आज उंट मागे येतो. कल्पना मुळात माजी जगज्जेत्या मिखाइल तालची, पण तिच्यापुढचं सगळं घरी शिजवून आणलेलं. आनंद विचारात बुडतो. कास्पारोव झटकन खेळतो, उठतो आणि दार आपटून बाहेर जातो. (जगज्जेत्याला हे शोभत नाही, असं मला अजूनही वाटतं.)

आनंदचा वजीर कोपऱ्यातला हत्ती खातो. कास्पारोवला तो द्यायचाच होता! काळ्याचं किल्लेकोट झालेलं नाही, राजा मधोमध उघडा, आणि वजीर पार दुसऱ्या टोकाला. ३८व्या खेळीला डाव संपतो.

इतक्यात परतू नका. अकराव्या डावात काळी मोहरी घेऊन कास्पारोव सिसिलियन ड्रॅगन मांडतो. हा काही त्याचा नेहमीचा बचाव नव्हे. ड्रॅगन भक्कम आहे की नाही, यावर पंडितांनी खुशाल भांडावं. आनंदची तयारी दुसऱ्याच सिसिलियनची आहे, एवढं कास्पारोवला पुरतं. तो जिंकतो. तेराव्या डावात पुन्हा ड्रॅगन, पुन्हा विजय.

चौदाव्याला आनंदही चकवा देतो. रुई लोपेझ सोडून पहिल्याच खेळीला वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे: स्कँडिनेव्हियन, जागतिक अजिंक्यपदाच्या लढतीत क्वचितच दिसणारा बचाव. तो साधतोही, काळ्याची बाजू छान जमते. तरी पुढे डाव हातचा जातो, आणि लढत १०.५-७.५ अशी कास्पारोवच्या नावावर लागते.