रक्तवाहिन्यांची सांधणी

डेंग्यूचे रुग्ण वाढू लागले की देशभर एकाच आकड्याची चर्चा सुरू होते : प्लेटलेट किती? परंतु या रोगात प्राणावर बेतते ते मुख्यतः गळतीमुळे. रक्तातील द्रव केशवाहिन्यांच्या भिंतीतून बाहेर झिरपतो. ही भिंत कशी सांधलेली आहे, हे उमगायला तीन शतके लागली.

१६६१ साली मार्चेल्लो माल्पिघी यांनी बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या आणि हार्वे यांच्या रक्ताभिसरण-सिद्धांतातील हरवलेला दुवा सापडला. या नळ्या मात्र पुढे दीर्घकाळ एकसंध पडद्याच्या मानल्या गेल्या. १८६२मध्ये फॉन रेकलिंगहाउझेन यांनी लसिकावाहिन्यांवर सिल्व्हर नायट्रेटचा प्रयोग केला, तेव्हा चांदीच्या काळ्या रेषांत पेशींच्या सीमा उमटल्या. १८६५मध्ये विल्हेल्म हिस यांनी या अस्तराला ‘एंडोथेलियम’ हे नाव दिले. विटांमध्ये चुना असतो तसा पेशींमध्ये काही चिकट पदार्थ असावा, अशी समजूत रूढ झाली.

पुढची वाट भौतिकशास्त्राने अडवली होती. प्रकाशाच्या तरंगलांबीमुळे साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरहून बारीक तपशील वेगळे दिसत नाहीत. पेशींमधील फट त्याहून कितीतरी अरुंद. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ती मर्यादा ओलांडली. १९६१मध्ये मायनो आणि पलाडी यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखवले, की हिस्टामिनमुळे सूक्ष्म नीलांच्या अस्तरातील पेशी परस्परांपासून विलग होतात आणि तेथूनच गळती होते. १९६७मध्ये रीझ आणि कार्नोव्हस्की यांना मेंदूत याच्या उलट आढळले : तेथील सांधे इतके घट्ट, की रक्तात सोडलेले विकरही त्यांपाशी अडले. १९९०च्या दशकात व्हीई-कॅडहेरिन या प्रथिनाची ओळख पटली. शेजारच्या पेशींतील हे रेणू कॅल्शियमच्या साहाय्याने एकमेकांत गुंततात. चुन्याची कल्पना मागे पडली. गरजेनुसार सुटणारी आणि पुन्हा जुळणारी पकड पुढे आली.

डेंग्यू विषाणूचे एनएस-१ हे प्रथिन एकटेच ही सांधणी सैल करू शकते, हे २०१५मध्ये प्रयोगांतून दिसले. गळती बहुधा ताप उतरताना वाढते आणि २४ ते ४८ तास टिकते. म्हणून ताप गेला म्हणून निर्धास्त होऊ नये. तीव्र पोटदुखी, सततच्या उलट्या, रक्तस्राव वा ग्लानी दिसताच रुग्णालय गाठावे. त्या अवधीत द्रवाचा तोल नेमका सांभाळला, तर पेशी आपली पकड पुन्हा जुळवून घेतात.