२ रुपये ३७ पैसे

परवा बऱ्याच वर्षांनी इंदापूरकडे काकांच्या घरी जाणं झालं. वाटणीचं निघालंय. (काका, हे वाचत असाल तर रागावू नका, कुणाला किती ते मी इथं लिहिणार नाहीये.) ओसरीवर सातबाऱ्याचे उतारे पसरले होते. सगळ्यांचे डोळे क्षेत्राच्या आकड्यावर. माझं लक्ष मात्र 'आकार' लिहिलेल्या जागी अडकलं. ३ एकरांच्या तुकड्याला सरकारचा आकार २ रुपये ३७ पैसे. "एवढ्यात चहासुद्धा येत नाही," चुलतभाऊ म्हणाला आणि बोलणं परत विहिरीच्या पाळीवर गेलं.

तो आकडा काही माझ्या डोक्यातून जाईना. मधे कितीही फेरआकारण्या झाल्या असल्या तरी त्यामागच्या गणिताचं मूळ याच तालुक्यात आहे.

कधीकाळी मी स्पर्धा परीक्षांसाठी 'लोकप्रशासन' हा विषय घेतला होता. त्याचं काय झालं ते नातेवाईकांना माहीत आहे, बाकीच्यांनी विचारू नये! तर त्या विषयाचं प्रत्येक पुस्तक १८८७ साली सुरू होतं. त्या वर्षी वूड्रो विल्सन या अमेरिकन प्राध्यापकानं (हेच पुढे राष्ट्राध्यक्ष झाले) लेख लिहून सांगितलं, की राज्यकारभार हे अभ्यासाचं स्वतंत्र शास्त्र व्हायला हवं. मग वेबर, मग टेलर, मग गुलिक. १९४६ साली हर्बर्ट सायमननं ही सगळी तत्त्वं म्हणींसारखी आहेत असं म्हटलं, प्रत्येकीच्या उलट दुसरी सापडतेच. एवढं सगळं घोकलं, पण विल्सनच्या लेखाआधी साठेक वर्षं कारभाराचं एक 'शास्त्र' आमच्या पुणे जिल्ह्यात अजमावून झालं होतं, हे त्या पुस्तकांत मला कुठे दिसलं नाही.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. सुरुवातीला एल्फिन्स्टननं जुनी घडी फारशी मोडली नाही. पण वसुलीचं काय करायचं हा प्रश्न उभाच होता. तो सोडवायला रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाचा तरुण अधिकारी पुढे आला. कंपनीचे अधिकारी विलायतेत हेलिबरीच्या कॉलेजात तयार होत आणि तिथे अर्थशास्त्र शिकवायला होते साक्षात माल्थस. १८१७ साली आलेला रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत तेव्हा ताजा होता. सिद्धांत देखणा आहे. सगळ्यात हलक्या जमिनीतून फक्त खर्च निघतो. त्याहून चांगल्या जमिनीत खर्च वजा जाता जे उरतं ते जमिनीच्या कसाचं, राबणाऱ्याचं नव्हे. ते सरकारनं घेतलं तर शेतकऱ्याचं काहीच बिघडत नाही!

प्रिंगलनं हे शब्दशः मनावर घेतलं. १८२८ पासून मोजणी सुरू झाली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीत पिकतं किती, त्यातून बियाणं, बैल, मजुरी वजा करायची, आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारला. माणूस आळशी नव्हता की लबाडही नव्हता. आकड्यांचे ढीग त्यानं जमवले.

पण ते आकडे जमवले कुणी? तुटपुंज्या पगाराच्या हाताखालच्या माणसांनी. काळी कुठली न् बरड कुठली हे ठरवणं त्यांच्या हातात, आणि त्यांचे हात ओले करणं रयतेच्या. ज्यानं केले नाहीत त्याची बरडसुद्धा काळी झाली. बैलाचा वर्षाचा खर्च किती याचं खरं उत्तर शेतकरी तरी सरकारी माणसाला का देईल? आणि समजा, आकडे खरे असते तरी सरासरी पीक ही चीज इंदापूरच्या पावसात येत नाही. एक वर्ष बरं, दोन कोरडी. जुन्या पद्धतीत पाटील न् मामलेदार बसून त्या सालचं बघून सूट ठरवत. तिथंही अन्याय होताच, पण निदान आभाळाकडे बघून बोलणं तरी होई. त्यातच धान्याचे भाव उतरले. १८३० पासून नवा आकार लागू झाला आणि थोड्याच दिवसांत कोसळला. वसुलीसाठी लोकांना मारहाण झाली, छळ झाला. पुढे खुद्द मुंबई सरकारच्या अहवालानं ते कबूल केलं. रानं पडीक पडली, माणसं शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेली.

इथं मी वाचता वाचता थांबलो. आमची आजी सांगायची, "आपण मोगलाईतनं परत आलेलो." मोगलाई म्हणजे निजामाचा मुलूख. लहानपणी मला ती बढाई वाटे. कागद कसलाच नाही, साल माहीत नाही. पण 'परत' हा शब्द मी तेव्हा ऐकूनही ऐकला नव्हता.

१८३५ साली गोल्डस्मिड आणि इंजिनियर लेफ्टनंट विंगेट असे दोघे इंदापुरात आले. त्यांनी खंडाचा सिद्धांत गुंडाळून ठेवला. शेताचे भाग पाडायचे, खणून मातीची खोली बघायची. पावणेदोन हात खोल उत्तम माती म्हणजे १६ आणे, मग खोली घटेल, वाळू-चुनखडी निघेल तसे आणे उतरत जायचे. पण हे आणे फक्त एका शेताची दुसऱ्याशी तुलना करायला. मुळात दर किती, ते मागच्या वर्षांत प्रत्यक्ष वसूल किती झाला, बाजार किती लांब, पाऊस कसा, हे बघून अंदाजानं ठरवायचं. दर खाली आणला, ३० वर्षांसाठी कायम केला. पडीक रानं परत नांगराखाली आली. शास्त्र म्हणून यात काहीच नव्हतं, आणि बहुतेक म्हणूनच ते चाललं.

गोष्ट इथं संपली असती तर छान झालं असतं. पण यश मिळालं की त्याचं पुस्तक होतं. १८४७ मध्ये या पद्धतीचा संयुक्त अहवाल निघाला, १८६५ मध्ये कायदा झाला. ३० वर्षं संपून १८६७ च्या सुमारास इंदापुरापासून फेरआकारणी सुरू झाली. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस आणि त्यासोबत सगळेच भाव चढलेले होते, ते धरून आकार चांगलाच वाढवला. यादवी १८६५ लाच संपली होती आणि भाव पुढे उतरायचे ते उतरले. विंगेटनं वाकून जमीन बघितली होती, नंतरच्यांनी विंगेटचा तक्ता बघितला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं १८७३ सालीच रयतेच्या हालाखीचा अहवाल तयार केला होता. सरकारनं १८७४ मध्ये वाढीला मर्यादा घातली, तालुक्याला ३३ टक्के, गावाला ६६. तरी १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या न् खतं जळालीच. चौकशी आयोगानं मुख्य दोष सावकारीच्या माथी मारला. आकारवाढीवर बोट ठेवणारं वेगळं टिपण ऑकलंड कॉल्विन या एका सभासदानं लिहिलं. सावकार निर्दोष होते असं मी मुळीच म्हणत नाही, पण हप्ता भरायला पैसा आणायचा कुठून, याचं उत्तर त्याच वह्यांत होतं.

असो. ओसरीवर दुपारपर्यंत भांडणं झाली. चुलतभावानं मोबाइलवर क्षेत्र भागिले चार केलं, गुंठ्याला गुंठा, अगदी चोख. काका इतका वेळ गप्प होते. ते उठले, कोपऱ्यातली पहार घेतली आणि म्हणाले, "कागद ठेवा ते. रानात चला."

ओढ्याकडच्या पट्ट्यात त्यांनी चार ठिकाणी पहार मारून दाखवली. बांधालगत हातभरावर मुरूम लागला. खालच्या अंगाला पहार निम्म्याहून जास्त आत गेली.

"हे बारा आण्याचं," काका म्हणाले, "आन् ते वरलं सहाचं. आता बोला."