फुलराणी लंडनहून थेट आली नाही

‘ती फुलराणी’ हे नाटक कुणाचं, असं विचारलं तर मराठी माणूस क्षणात उत्तर देतो: पु. लं.चं. थोडा जास्त वाचणारा असेल तर म्हणतो, मूळ बर्नार्ड शॉचं, ‘पिग्मॅलियन’. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण मधले दोन मुक्काम त्यात गळून पडतात. शॉच्या नाटकाचा आधी चित्रपट झाला. मग त्या नाटकावरून आणि चित्रपटावरून न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर एक संगीत विनोदी नाटक आलं, ‘माय फेअर लेडी’. आणि त्यानंतर, १९७५ साली, मंजुळा साळुंखे मराठी रंगमंचावर उभी राहिली. तिच्या टोपलीत या सगळ्या मुक्कामांवरची फुलं आहेत.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे. उच्चारशास्त्राचा एक प्राध्यापक रस्त्यावर फुलं विकणाऱ्या मुलीला उचलतो आणि पैज लावतो की काही महिन्यांत हिला अशी बोलायला शिकवीन, की लोक हिला खानदानी बाई समजतील. शॉनं हे १९१३ च्या आसपास लिहिलं. पहिला प्रयोग झाला तो इंग्रजीत नाही, जर्मनमध्ये, व्हिएन्नाला. लंडनला ते एप्रिल १९१४ मध्ये आलं. तिथे प्राध्यापक हिगिन्सची भूमिका करणाऱ्या हर्बर्ट बिअरबोम ट्रीनं शेवटी नायिकेकडे फुलं फेकायला सुरुवात केली, म्हणजे प्रेक्षकांनी समजून घ्यावं की आता यांचं जमणार. शॉ भडकला. त्याची एलायझा शिकते ती बाहेर पडण्यासाठी, प्राध्यापकाच्या घरात सामावण्यासाठी नाही. १९१६ मध्ये त्यानं पुस्तकाला एक मोठं परिशिष्टच जोडलं: एलायझा फ्रेडीशी लग्न करते, हिगिन्सशी नाही. स्वतःच्या नाटकाच्या शेवटासाठी लेखकानं इतकी वर्षं भांडावं, असं उदाहरण विरळाच.

मग गेब्रिएल पास्कल नावाचा हंगेरियन निर्माता शॉकडे आला. नावावर फारसं काही नाही, खिशातही नाही, पण बोलण्यात बहाद्दर. चित्रपटवाल्यांना जवळ येऊ न देणाऱ्या शॉनं याला हक्क दिले. (हा पास्कल आपल्या नगरजवळच्या मेहेराबादच्या मेहेरबाबांचा भक्त होता, आणि पुढे गांधीजींवर चित्रपट काढायचं त्याच्या मनात होतं. ते राहून गेलं. तो विषय वेगळा.) १९३८ साली ‘पिग्मॅलियन’ पडद्यावर आला. पटकथेसाठी शॉला ऑस्करही मिळालं.

या चित्रपटात तीन गोष्टी अशा आल्या, ज्या लोक आजही मूळ नाटकातल्या समजतात. पहिली, स्पेनमधल्या पावसाचं ते प्रसिद्ध उच्चार-वाक्य. दुसरी, मेजवानीचा भव्य प्रसंग. नाटकात एलायझाची खरी परीक्षा पडद्याआड होते, चित्रपटात ती डोळ्यांसमोर घडते. तिसरी गोष्ट म्हणजे शेवट. एलायझा प्राध्यापकाकडे परत येते. शॉनं लिहिलेला शेवट वेगळा होता, पास्कलनं तो बाजूला ठेवला.

शॉ हयात असेपर्यंत त्यानं या नाटकाचं संगीत नाटक होऊ दिलं नाही. ‘आर्म्स अँड द मॅन’वरून पूर्वी एक संगीतिका निघाली होती, ‘द चॉकलेट सोल्जर’, तिनं त्याला कायमचं शहाणं केलं होतं. १९५० मध्ये तो गेला. पास्कलनं मग एकामागून एक संगीतकार गाठले. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन ही त्या काळातली सर्वांत यशस्वी जोडी, तिनंही प्रयत्न करून हात टेकले. अडचण खरी होती: या नाटकात प्रेमकथा नाही, उपकथानक नाही, माणसं नुसती बोलतात. ॲलन जे लर्नर आणि फ्रेडरिक लोव यांनीही एकदा काम सोडून दिलं आणि दोनेक वर्षांनी परत हातात घेतलं. त्यांना वाट सापडली ती चित्रपटातून. जे शॉनं पडद्याआड ठेवलं होतं आणि चित्रपटानं दाखवलं होतं, तिथे त्यांनी गाणी बसवली. श्रेयनामावलीत शॉच्या नाटकाबरोबर पास्कलच्या चित्रपटाचाही उल्लेख आहे, तो उगाच नाही.

१५ मार्च १९५६ ला ‘माय फेअर लेडी’ सुरू झालं आणि २,७१७ प्रयोग चाललं. रेक्स हॅरिसनला गाता येत नव्हतं, म्हणून त्याची गाणी अर्धी बोललेली आहेत. ज्युली अँड्र्यूज मात्र गायिका. १९६४ च्या चित्रपटात तिच्या जागी ऑड्री हेपबर्न आली आणि तिची बहुतेक गाणी मार्नी निक्सनच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाली. बाईच्या आवाजाबद्दलचा चित्रपट, आणि बाईचा आवाज दुसरीचा!

आता मराठीकडे येऊ. संगीत नाटक आपल्याला ब्रॉडवेनं शिकवायची गरज नव्हती. किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० चं. तरीही पु. लं.नी ‘फुलराणी’चं संगीत नाटक केलं नाही आणि मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. आपल्या संगीत नाटकात पात्र गायला लागलं की बोलीभाषा थांबते आणि राग सुरू होतो. मंजुळेची तर सगळी लढाई बोलीची. ती गायली असती तर तिचं हत्यारच गेलं असतं.

पण एक गाणं त्यांनी घेतलं, असं मी म्हणेन. शिकवणीनं पिचलेली मंजुळा एकटी असताना मास्तरवर सूड उगवायची स्वप्नं रंगवते, ते स्वगत. शॉच्या नाटकात हा प्रसंग नाही. ब्रॉडवेच्या नाटकात आहे: एलायझा गाण्यातून हिगिन्सला दम देते, त्याला राजाच्या हुकमानं गोळ्या घालायला निघते. पु. लं.नी गाण्याचा ताल ठेवला, चाल काढून टाकली आणि शब्द मुंबईच्या रस्त्यावरून उचलले. म्हणजे मराठी माणसाला ‘फुलराणी’तलं जे सर्वांत आधी आठवतं, त्याचा तोंडवळा शॉचा नाहीच, लर्नर-लोवचा आहे. आणि तरी त्यात परकं असं काहीच वाटत नाही.

का वाटत नाही, हे महत्त्वाचं. इंग्रजीत उच्चारावरून वर्ग कळतो. मराठीत वर्ग तर कळतोच, शिवाय जातही ओळखली गेली असं ऐकणारा धरून चालतो. आणि आपण शब्द तरी कोणता वापरतो? ‘शुद्ध’. शुद्ध मराठी, अशुद्ध मराठी. सोवळ्याओवळ्याचा शब्द उचलून आपण भाषेला लावला आहे. मोल्सवर्थच्या कोशापासून आणि दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून प्रमाण मराठी घडत आली, ती मुख्यतः शिकलेल्या, पांढरपेशा घरांच्या तोंडची. साहित्य महामंडळाचे लेखनाचे चौदा नियम १९६२ साली शासनानं मान्य केले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. आणि त्याच १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, कुणाच्याही नियमाला न विचारता. मंजुळा रंगमंचावर आली ती या वादाच्या ऐन मध्यावर. प्रेक्षकांत शिवाजी मंदिरला येणारा मध्यमवर्ग. तो हसला, पण ते हसू कुणाला लागत होतं हा प्रश्न तेव्हा फारसा विचारला गेला नाही. मंजुळेच्या बोलण्याला हसणारा आणि प्रोफेसर अशोक जहागीरदारच्या तोऱ्याला हसणारा, हे दोघं शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसलेले असणार.

हा भाग आम्ही सेक्टर ६७ मधून करतोय. चंदीगडला लागून, कागदावर मोहालीत. इथे राहणाऱ्या मराठी लोकांना मी एक गंमत नेहमी सांगतो. मराठीत ‘पाणी’ म्हणणारा सुशिक्षित आणि ‘पानी’ म्हणणारा गावंढळ, असं आपल्याला शाळेत शिकवलं. इथे रेहडीवरचा भाजीवाला पंजाबीत ‘पाणी’ म्हणतो, ण अगदी खणखणीत. आणि हिंदी बोलणारा साहेब, प्रमाण भाषेच्या पूर्ण अधिकारानं, ‘पानी’ म्हणतो. तोच ण, तोच न, फक्त प्रतिष्ठेनं जागा बदलली. पंजाबीत ळ सुद्धा आहे, जो प्रमाण हिंदीला नाही. जहागीरदार मास्तरांना मोहालीच्या बाजारात उभं केलं तर अर्ध्या तासात त्यांची वही गोंधळून जाईल.

पु. लं.ना हे सगळं कळत होतं का? मला वाटतं, कान तरी नक्कीच होता. ‘अंमलदार’ हे गोगोलवरून, ‘सुंदर मी होणार’ हे ब्राउनिंग-बॅरेटच्या कथेवरच्या नाटकावरून, पुढे ‘तीन पैशाचा तमाशा’ ब्रेख्तवरून. परक्या माणसाला आपल्या गल्लीत राहायला कसं आणायचं, हे त्यांना ठाऊक होतं. नावातही त्यांनी खोडी काढली आहे. बालकवींची फुलराणी ही गवतातली एक लाजरी कळी, सूर्यकिरणाची नवरी. पु. लं.ची फुलराणी फुलं विकून पोट भरते.

भूमिका केली भक्ती बर्वेंनी, समोर सतीश दुभाषी. त्याच दशकात गुजराती रंगभूमीवर हीच कथा ‘संतु रंगीली’ म्हणून गाजत होती आणि त्यातली संतु होती सरिता जोशी, माहेरची भोसले. पण भक्ती बर्वेंच्या बाबतीत एक गोष्ट विसरली जाते. त्या आकाशवाणीवर निवेदन करायच्या आणि मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायच्या. म्हणजे ज्या आवाजातून प्रमाण मराठी घराघरात जात होती, तोच आवाज रंगमंचावर मंजुळेचा व्हायचा. त्यांना वर चढायचं नव्हतं, रोज खाली उतरून मग पुन्हा वर यायचं होतं. प्रेक्षकाला हे माहीत होतं आणि त्यात मजा होती. पण त्या बाईला दोन्ही मराठी तितक्याच पूर्ण बोलता येत होत्या, हे त्या मजेपेक्षा मोठं होतं. फेब्रुवारी २००१ मध्ये अपघातात त्या गेल्या. नंतर सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी अशा अनेकींनी मंजुळा केली.

आणि ते स्वगत अजून चालू आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये, एकपात्री स्पर्धेत, बेळगाव-इंदूरपासून बडोद्यापर्यंतच्या महाराष्ट्र मंडळांत. तिथे पैज उलटी असते. इंग्रजी शाळेत जाणारी दहा वर्षांची मुलगी, आई शेजारी बसून तिला शिकवते: असं नाही गं, असं म्हण, जरा ठसक्यात, फुलवाली आहेस तू.